गादीखोलीतला आवाज

सुहासिनी घाणेकरबरोबर लग्नाला जाणं म्हणजे शिक्षा होती. मंगल कार्यालयात शिरल्यावर माणसं आधी नवरी बघतात, नाहीतर निदान जेवण कुठल्या मजल्यावर आहे ते बघतात. ही भिंतीवरचा स्पीकर बघायची. स्पीकर आमच्या कंपनीचा निघाला की त्याच्या खाली जाऊन उभी राहायची, मग मुहूर्त टळो की अक्षता संपोत. एकदा कर्वे रोडच्या एका कार्यालयात मी तिला ओढून न्यायला गेले, तेवढ्यात माईकवरून कुणीतरी ओरडलं, “शांतता, शांतता! सर्वांनी शांत बसावं.” माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. बोलणारा मुलीचा मामा होता, घसा बसलेला, जाडजूड माणूस. पण त्याचा तो धारदार ‘श’ मी ओळखत होते. तो श्यामरावांचा होता, आणि श्यामरावांना जाऊन तेव्हा बरीच वर्षं झाली होती.

सुहासिनीकडे पाहिलं तर ती हसत होती. सासरी आलेल्या माहेरच्या माणसाकडे बघून हसावं तसं.

मी कुसुम. पर्वतीच्या पायथ्याशी पानसे साहेबांचा स्पीकरचा छोटा कारखाना होता, तिथे मी टायपिस्ट होते. टाइपरायटर गेला, कॉम्प्युटर आला, खुर्ची तीच राहिली. आम्ही शाळांना, कार्यालयांना आणि देवळांना स्पीकर करून द्यायचो. ज्यांना चांगलं काही परवडत नाही आणि वाईट काही चालत नाही, असं आमचं गिऱ्हाईक. कारखान्यात एकच माणूस स्पीकर या विषयात खरा शिकलेला होता, तो म्हणजे श्याम घाणेकर, सुहासिनीचा नवरा. ती तिथेच कॉइलचं सोल्डरिंग करायची. लग्न तिथेच जमलं, त्यामुळे पानसे साहेबांनी पेढे वाटायचे की आहेर द्यायचा यावर आठवडाभर विचार केला आणि शेवटी दोन्ही टाळलं.

स्पीकर मोजायचे कसे, याचं श्यामरावांना वेड होतं. ते म्हणायचे, आपण स्पीकर विकतो की चपला? चप्पल तरी पायात घालून बघतात. जगात याची मानकं ठरलेली आहेत, स्पीकरपासून एक मीटरवर माईक ठेवायचा, ठरावीक ताकद द्यायची, आणि खोली अशी हवी की भिंतीवरून काहीही परत येता कामा नये. तशी खोली बांधायची तर पानसे साहेबांना कारखाना विकावा लागला असता. मग श्यामरावांनी मागचं गोडाऊन मागून घेतलं, जुन्या गाद्या आणि पिंजलेला कापूस गोळा केला, आणि भिंती, छत, दार सगळं जाड गाद्यांनी मढवलं. जमिनीवरही तेच. कारखान्यात तिला गादीखोली म्हणायला लागले. त्यावरून जे विनोद झाले ते इथे लिहिण्यासारखे नाहीत.

त्या खोलीत गेलं की दार लागताक्षणी कानात कुणीतरी बोळे कोंबल्यासारखं व्हायचं. टाळी वाजवली तर ती हातातच मरायची. थोडं थांबलं की स्वतःचं रक्त ऐकू यायचं. सुतारकाम करणारा दशरथ लोणी काळभोरहून यायचा, तो एकदाच आत गेला आणि बाहेर येऊन म्हणाला, “त्या खोलीत जागाच न्हाय, बाई. मानूस हाय का न्हाय ते कळंना.” पुन्हा तो कधी आत गेला नाही. स्पीकर दारात ठेवून पळायचा.

मोजायची यंत्रं नव्हती, म्हणून श्यामरावांनी आपली पद्धत काढली. आमच्या स्पीकरमधून माणसंच बोलणार, तर माणसाच्या आवाजावरच ते तपासायचे. गादीखोलीत बसून त्यांनी स्वतःचा आवाज स्पूलच्या टेपवर घेतला. वाचलं काय, तर मंडईची भाजी. “शनिवारी सकाळी शेपू, चुका, चाकवत आणि शेवग्याच्या शेंगा स्वस्त मिळाल्या. सासूबाईंनी चार जुड्या जास्तच घेतल्या.” स, श आणि च यांची नुसती खैरात. स्पीकरची परीक्षा तिथेच होते, असं ते म्हणत. टेपच्या शेवटी सुहासिनीला उद्देशून “झालं गं, बंद कर,” एवढंही राहून गेलं होतं. मग त्यांनी एक स्पीकर मनासारखा बनवला, त्याला सगळे मास्तर म्हणायचे. नवा स्पीकर तयार झाला की मास्तरशेजारी ठेवायचा, तीच टेप आधी मास्तरवर, मग नव्यावर लावायची. मागच्या बाजूला एक स्क्रू असायचा, तो फिरवला की स-श चढायचे किंवा उतरायचे. दोन्हीतून श्यामराव सारखे बोलले की स्पीकर पास.

देश खुला झाला, पेपरात रोज मोठमोठे मथळे यायला लागले, त्या सुमारास श्यामराव गेले. सोलापूर रस्त्यावरच्या एका कॉलेजात स्पीकर बसवून स्कूटरवरून परत येत होते, ट्रकने उडवलं. लग्नाला धड तीन वर्षंही झाली नव्हती. मूलबाळ नव्हतं. आयुष्यभर दुसऱ्यांचे आवाज मोठे करत हिंडणाऱ्या माणसाचा स्वतःचा आवाज कुठे होता, तर त्या एका स्पूलवर. दुसरी प्रत काढायचं त्यांच्या मनात होतं म्हणे. चांगल्या गोष्टी मनातच ठेवायची आपल्याकडे पद्धत आहे.

दिवस-बिवस झाल्यावर सुहासिनी कामावर आली ती सरळ साहेबांच्या टेबलाशी गेली. “मला गादीखोली द्या,” म्हणाली. साहेब चांगले होते, पण अवघड प्रसंगी त्यांना चष्मा पुसायची सवय होती. बराच वेळ चष्मा पुसून ते म्हणाले, “तुम्हाला त्रास होईल.”

“बाहेर होतोय,” ती म्हणाली.

तेव्हापासून ती खोली तिची झाली. तयार झालेला प्रत्येक स्पीकर तिच्या कानाखालून जायचा. प्रत्येक स्पीकरला श्यामराव सांगायचे की शेपू स्वस्त मिळाला. एरवी मयताच्या घरी माणसं हळूहळू त्या माणसाचं नाव घ्यायची थांबतात, कपडे कुणालातरी देऊन टाकतात, दुःखाला वाट मिळते. इथे नवरा दिवसभर बोलत होता. मला राग यायचा. मी एकदा डबा खाताना तिला म्हटलंसुद्धा, “अगं, पुरे आता. दुसरं काम माग. वेड लागेल तुला.”

ती भाकरीचा तुकडा मोडत म्हणाली, “कुसुम, तुझा नवरा घरी तुझ्याशी दिवसातून किती बोलतो?”

आमचे हे पेपर वाचतात.

एकदा मी तिला फोन आलाय म्हणून बोलवायला आत गेले. ती डोळे मिटून बसली होती आणि टेप चालू होती. मी याआधी तो आवाज दाराबाहेरून ऐकला होता, आत कधी नाही. आत तो आवाज समोरून येत नव्हता. तो घेतलाही त्याच खोलीत आणि ऐकत होतो तोही तिथेच, त्यामुळे त्याला ना भिंत ना घर. कानाच्या आत, अगदी जवळ, श्वासासकट. मी मागे वळून पाहिलं. खरंच पाहिलं, खोटं कशाला सांगू. मला वाटलं, ते दाराशी उभे आहेत आणि मी आत येताना त्यांना ओलांडून आले. मी “फोन” एवढंच म्हटलं आणि बाहेर पडले.

मग काही वर्षांनी सुहासिनीने मास्तरला रजा दिली. मला चांगलं आठवतं, कारण कारखान्यात त्यावर चर्चा झाली. ती म्हणाली, मास्तर म्हातारा झालाय, त्यातून हे घोगरे बोलतात. स्पीकरच्या आत कागदाचा पडदा असतो, पुण्याच्या पावसाळ्यात तो सर्दावतो, मऊ पडतो, हे सगळ्यांना माहीत होतं. साहेबांनी मान डोलावली. मास्तर कपाटावर गेला, त्याच्यावर जुनी चादर पडली. त्यानंतर नवा स्पीकर कशाशी जुळवायचा? सुहासिनी म्हणाली, “मला पाठ आहेत हे.” आणि त्यात शंका घेण्यासारखं काय होतं? बायकोला नवऱ्याचा आवाज पाठ नसेल तर कुणाला असेल? ती टेप लावायची, स्क्रू फिरवायची, आणि तिच्या आठवणीतले श्यामराव बोलायला लागले की थांबायची.

आमचे स्पीकर हळूहळू बदलायला लागले, ते कुणाच्या लक्षात आलं नाही. किंवा आलं, पण भलतंच आलं. घरोघर केबल आली होती, लोकांना सगळं झगझगीत हवं होतं. गिऱ्हाइकं म्हणायची, तुमचा आवाज काय क्लिअर हो, शब्द न् शब्द कळतो. एका शाळेच्या मुख्याध्यापिका तेवढ्या म्हणाल्या की प्रार्थनेच्या वेळी पहिलीतली मुलं कान झाकतात. साहेबांनी त्यांना मुलांचे कान तपासून घ्यायला सांगितलं. पुण्यात धंदा असाच करतात.

मी मात्र जिथे जाईन तिथे घाबरायला लागले होते. कार्यालयं, बालवाड्या, विश्रांतवाडीच्या माझ्या बहिणीच्या सोसायटीतला गणपती. कुणीही बोललं, बाई बोलली तरी ‘स’ आणि ‘श’ त्या माणसाचे नसायचे. बहिणीच्या सोसायटीत सेक्रेटरी पाण्याच्या टाकीबद्दल सूचना देत होता आणि माझ्या शेजारी सुहासिनी ओठातल्या ओठात म्हणाली, “आलात?” मी ऐकलं. आजही मला वाटतं, त्या क्षणी मी तिथून उठून गेले असते तरी कुणी मला नावं ठेवली नसती.

मग हिंजवडी आली. तिथल्या एका सॉफ्टवेअर कंपनीला मीटिंगच्या खोल्यांसाठी स्पीकर हवे होते. त्यांचे लोक संध्याकाळी अमेरिकेशी बोलायचे आणि त्यांना समोरच्याचं बोलणं नीट कळायला हवं होतं. एवढी मोठी ऑर्डर आमच्याकडे कधी आली नव्हती. फक्त अट होती, आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे मोजून द्या, कानाने नाही. साहेबांनी तनयाला बोलावलं. नुकतीच इंजिनिअर झालेली, जीन्स घातलेली, लॅपटॉप कडेवरच्या मुलासारखा सांभाळणारी मुलगी. सगळ्यांना काका-काकू म्हणायची. कारखान्यातले जे चाळिशीच्या आतले होते ते दुखावले.

तिला गादीखोली फार आवडली. “काकू, ही कुणी बनवली? सॉलिड आहे हो. खालचे सूर सोडले तर ऑलमोस्ट लॅबसारखी.” सुहासिनीच्या चेहऱ्यावर इतक्या दिवसांत मी पहिल्यांदा गर्व पाहिला. “ह्यांनी,” ती म्हणाली.

तनयाने एक मीटरवर माईक मांडला. लॅपटॉपमधून एक शीळ निघायची, खर्जातून सुरू होऊन चढत चढत ऐकू न येण्याइतकी बारीक व्हायची, आणि पडद्यावर रेघ उमटायची. चांगल्या स्पीकरची रेघ सपाट असते, असं तिने मला सांगितलं. आमच्या स्पीकरची रेघ सपाट चालली आणि शेवटी पर्वतीच्या पायऱ्यांसारखी चढत गेली. दुसरा लावला, तीच चढण. तनयाला वाटलं तिचंच काही चुकतंय. मग तिने कपाटावरची चादर काढली आणि मास्तर खाली घेतला.

मास्तरची रेघ सरळ होती. टेबलाच्या कडेसारखी.

“हा म्हातारा नाहीये,” तनया म्हणाली. “हा एकदम ओके आहे. मग बाकीचे असे का? तुम्ही ॲडजस्ट कशावर करता?”

सुहासिनीने टेप लावली. तनयाने ऐकली, लॅपटॉपवर काहीतरी पाहिलं आणि तोंडातून निघून गेलं, “अहो काकू, या टेपचं वरचं सगळं उडालंय. हा माणूस गोधडीतून बोलतोय.” मी तिच्या पायावर पाय दिला. पण शब्द गेलेला होता. ती गोरीमोरी झाली आणि घाईघाईने समजवायला लागली, आणि तेच वाईट झालं, कारण तिने फार नीट समजावलं. टेप दरवेळी यंत्राच्या हेडवरून घासत जाते. घासताना थोडं थोडं पुसलं जातं, आणि सगळ्यात आधी जातं ते सगळ्यात बारीक, म्हणजे स आणि श. मास्तर घोगरा झाला नव्हता, टेप घोगरी होत होती. आणि तुम्ही दर स्पीकरला थोडा थोडा चढ देऊन ती झीज भरून काढत होतात.

सुहासिनीने एकच विचारलं, “म्हणजे मी ऐकलं म्हणून गेलं?”

तनयाने माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीकडे पाहिलं.

“रोज थोडं थोडं,” सुहासिनी म्हणाली. “मीच.”

दुसऱ्या दिवसापासून तिने खोलीचं दार आतून लावून घेतलं. हिंजवडीच्या स्पीकरचे स्क्रू उतरवायला ती तयार नव्हती. साहेब दाराबाहेर उभं राहून म्हणाले की ऑर्डर जाईल, ती आतून म्हणाली की तसं केलं तर हे गाडले जातील. हेच शब्द. मला तिचा इतका राग आला आणि इतकं रडू आलं की मी जाऊन दोनदा चहा केला. नवरा गेल्याचं दुःख सगळ्यांना कळतं, त्याला मान असतो. पण उरलेला जो होता तो आपल्याच हाताने झिजवला, याला काय म्हणायचं आणि कुणापाशी रडायचं?

तनया बिचारी वाईट नव्हती. पहिल्या दिवशी ऐकतानाच तिने टेप लॅपटॉपवर उतरवून घेतली होती, दोन दिवस त्यावर बसली, आणि सीडी करून आणली. “काकू, मी वरचं सगळं बूस्ट केलंय. बघा तरी.” सुहासिनीने दार उघडलं. तिने सीडी ऐकली, मी आणि तनयाने पण ऐकली. श्यामराव होते, आणि त्यांच्याभोवती सूऽऽ असा आवाज, नळाला पाणी यायच्या आधी हवा येते तसा.

“ही खरखर काढ,” सुहासिनी म्हणाली.

“ती काढली तर काहीच उरत नाही वर,” तनया म्हणाली. “जे पुसलं गेलंय ते परत नाही आणता येत. कॉम्प्युटरलाही नाही.”

“पण मी ऐकत होते. आपल्या स्पीकरमधून. स्पष्ट.”

“तुम्ही ही खरखर ऐकत होतात, काकू. स्क्रू चढवून तीच मोठी होत होती. बाकीचं...” ती थांबली. मग जमेल तसं मऊ करून म्हणाली, “बाकीचं तुम्ही घालत होतात.”

साहेबांनी मोठ्या मनाने एक जुना चढा स्पीकर, स्पूलचं मशीन आणि टेप रिक्षातून तिच्या सहकारनगरच्या घरी पाठवली. घरी ऐका, म्हणाले, इथे ऐकायची सक्ती नको. आठवडाभर ती आली नाही. रविवारी मी गेले. मशीन टेबलावर होतं, तिने हातात पाण्याचा पेला दिला आणि समोर बसली. डोळे सुजलेले नव्हते, त्याचीच मला भीती वाटली.

“ऐकतेस का?” मी विचारलं.

“लावते. आता खरखरच ऐकू येते, कुसुम. ती पोरगी म्हणाली ना, तेव्हापासून दुसरं काही येतच नाही. म्हणून बंद केलं आणि नुसतं आठवायला बसले, तर आठवणीतही हे टेपसारखेच बोलतात. गोधडीतून.” तिने पदराने टेबल पुसलं, ते स्वच्छच होतं. “ऐकायला बसलं तरी नाहीत, आठवायला बसलं तरी नाहीत. इतकी वर्षं होते गं. परवापर्यंत होते.”

मी तिचा हात धरला. तिने तो धरू दिला, पण तिचं लक्ष हातात नव्हतं.

सोमवारी ती स्पूल पिशवीत घेऊन कारखान्यात आली. हिंजवडीचे स्पीकर तनयाने मानकाप्रमाणे उतरवून ठेवले होते, सगळ्यांच्या रेघा सपाट. सुहासिनीने त्यातला एक उचलून गादीखोलीत नेला, जुनं मशीन दशरथला परत आणायला लावलं होतं ते जोडलं, आणि आम्हा दोघींना आत बोलावलं. “शेवटचं ऐकून घेते, मग पाठवा,” म्हणाली. तिने दार लावलं. मला आत नको होतं, पण तिला एकटी सोडवेना.

टेप फिरली. शनिवारी सकाळी, शेपू, चुका. खरखर नव्हती आणि धारही नव्हती. जे टेपवर उरलं होतं तेवढंच सपाट स्पीकरमधून बाहेर आलं, जाड, पुसट, पलीकडच्या खोलीत कुणी अनोळखी माणूस भाजीबद्दल बोलत असावा तसं. मी त्या माणसाला रस्त्यात ओळखलं नसतं. सुहासिनी डोळे उघडे ठेवून ऐकत होती. सासूबाईंच्या चार जुड्यांपर्यंत आलं आणि ‘झालं गं, बंद कर’ यायच्या आधीच तिने हात पुढे करून स्वतःच मशीन थांबवलं.

“स्पीकर बरोबर आहे,” ती म्हणाली. “हे गेलेत.”

तनया हातात पेन धरून नुसती उभी होती, तिला काय करावं कळेना. मी तिला म्हटलं, “पास लिही.”